तुकड्याचा दगड

आमच्या हॉटेलात नुकत्याच लागलेल्या एका मुलीनं एकदा निघालेल्या पाहुण्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला होता. ते आठवलं की मला अजून हसू येतं. पाहुणे देशावरचे, वयस्कर, बॅग उचलून दारात उभे. ही पोरगी उल्हासनगरात वाढलेली. ताटली घेऊन लगबगीनं आली, तीनदा ओवाळलं, तुकडा बाहेरच्या दगडावर टाकला आणि आपलं काम चोख झालं अशा चेहऱ्यानं उभी राहिली. ते गृहस्थ म्हणाले, "पोरी, तू मला बोलावतेस का घालवतेस?"

मी तिला बाजूला घेऊन झापलं. माझा आवाज मुळातच वरच्या पट्टीतला, त्यामुळे बाजूला घेऊन काही उपयोग झाला नाही, सगळ्या लॉबीनं ऐकलं. तुकडा येणाऱ्यावरून ओवाळायचा असतो, बाई, जाणाऱ्यावरून नाही. लांबून आलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर थांबवायचं, त्याच्यावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं. वाटेत जे काही मागे लागलं असेल, नजर, शीण, कुणाचे शब्द, ते सगळं त्या तुकड्यावर जातं आणि माणूस तेवढा घरात येतो.

"मग जाणाऱ्याला काय करायचं, मॅडम?" तिनं विचारलं.

"जाणाऱ्याला 'या परत' म्हणायचं आणि तो दिसेनासा होईपर्यंत दारात उभं राहायचं."

"बस, इतना ही?"

इतकंच. पण ते इतकंच करायला दारात माणूस असावं लागतं, हे मी तिला बोलले नाही. तिला ते कळण्याचं वय नव्हतं आणि मला ते सांगताना रडू आलं असतं.

हॉटेल बदलापूरच्या पुढं, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला. मी राहते अंबरनाथला. नवरा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाळीवर जाणारा, मुलं आपापल्या वाटेला लागलेली. हाउसकीपिंगची सुपरवायझर म्हणून मी तिथं लागले आणि हळूहळू स्वयंपाकघरापासून बागेपर्यंत सगळीकडे नाक खुपसायला लागले. घरी सांगितलं, पगार बरा आहे. पगार बरा होताच. पण खरं कारण ते नव्हतं. ती जागा माझ्या आईचं माहेर होती.

घर काही मोठं नव्हतं. कुडाच्या भिंती, पुढं पडवी, पडवीला एक दगडी पायरी, मागं न्हाणी आणि न्हाणीमागं अळू. भोवती भाताची खाचरं. मे महिन्यात आम्ही तिथं जायचो आणि अंगावर घामोळं घेऊन परत यायचो. पुढं मामांनी ते सगळं विकलं. बहिणीची हक्कसोड लागते म्हणून आईला कचेरीत नेलं, तिनं सही केली, रीतीप्रमाणे साडीचोळी घेतली आणि घरी आली. त्यानंतर त्या रस्त्याला ती कधी गेली नाही. धरण बघायला सगळे निघाले तरी हिचं डोकं दुखायचं.

हॉटेलचे मालक उल्हासनगरचे सिंधी. आम्ही सगळे त्यांना शेठ म्हणायचो आणि ते मला ताई म्हणायचे. फर्निचरच्या धंद्यातून हॉटेलात आलेले, सत्तरीकडे झुकलेले, पांढरी सफारी, हातात कायम मोबाइल, आणि गिऱ्हाईक आलं की स्वतः उठून खुर्ची पुसणारे. हॉटेल नीट चालेना तेव्हा त्यांनी मुंबईहून एक सल्लागार मुलगी बोलावली. ती लॅपटॉप उघडून बसली आणि सस्टेनेबल, टचपॉइंट, गेस्ट जर्नी असं काय काय बोलायला लागली. मी मनात म्हटलं, झालं, आता रामा शिवा गोविंदा. पण पोरगी हुशार निघाली. शेठनी विचारलं, "बेटा, ये सस्टेनेबल मतलब?" तर ती सरळ म्हणाली, "जे टिकतं ते, सर."

मग तिनं आम्हालाच विचारलं, "तुमच्या घरी पाहुणा आला की तुम्ही पहिल्यांदा काय करता?"

शेठ म्हणाले, "पापड! पापड और पानी. दुश्मन भी घर आए, तो पहले पापड, बाद में झगडा."

सगळे हसले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आमच्याकडे पाण्याचा तांब्या. आल्याआल्या हातात तांब्याभांडं द्यायचं, आणि तो पाणी पीत असताना काही विचारायचं नाही. तिनं ते लिहून घेतलं आणि त्या दिवसापासून खोल्यांतल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या गेल्या, तांब्याभांडी आली. आल्याबरोबर पाणी आणि भाजलेला उडदाचा पापड. त्या एका पापडावर शेठ आठवडाभर खूष होते.

बाकीच्या गोष्टीही अशाच बोलताबोलता ठरल्या. अंबरनाथ एमआयडीसीत मशिनं बसवायला आलेले इंजिनिअर आमच्याकडे दिवसचे दिवस राहायचे. कधी जेवायला यायचे, कधी बाहेरच खायचे, आणि रांधलेलं वाया जायचं. मी म्हटलं, घरात आपण काय करतो? सकाळी निघणाऱ्याला दारात विचारतो, "रात्री जेवायला आहेस ना?" तेच विचारा. मग सकाळी रिक्षात बसणाऱ्या प्रत्येकाला आमचा माणूस विचारायला लागला आणि तेवढ्याचंच पीठ मळलं जायला लागलं. चेन्नईचा एक इंजिनिअर तर रिक्षातून उतरून परत आत आला आणि मला इंग्रजीत म्हणाला, घर सोडल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. त्याला म्हटलं, मग वेळेवर ये, नाहीतर ताट उचलून ठेवीन. त्याला काय कळलं कोण जाणे, पण वेळेवर आला.

न्हाणीघरांचं पाणी आम्ही मागच्या बाजूला अळू आणि केळींकडे वळवलं, जसं तिथं पूर्वी होतं. साबणही अळवाला सोसेल असाच ठेवला. रविवारी अळूचं फदफदं व्हायचं आणि पाहुणे बोटं चाटायचे. आपल्याच आंघोळीच्या पाण्यावर ते अळू पोसलंय, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सगळंच सांगायचं नसतं.

तुकड्याचं मी अगदी शेवटी बोलले, आणि बोलताबोलता डोळे पुसायला लागले. मला माझाच राग आला. एवढ्या लोकांत, एका भाकरीच्या तुकड्यासाठी! सल्लागार मुलीनं लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "हे करायचं. हे कुठल्याच हॉटेलात नाही."

करायचं म्हटलं तरी सुरुवातीला गोंधळच. आचारी तुकड्यासाठी मुद्दाम ताजी भाकरी थापायला लागला. त्याला सांगितलं, अरे, कालची उरलेली लागते, ताजं अन्न ओवाळून टाकणं म्हणजे माज. रिसेप्शनवरच्या मुली ओवाळून झालं की तुकडा लॉबीतल्या डस्टबिनमध्ये टाकायच्या, फरशी खराब होऊ नये म्हणून. तेव्हा मात्र मी कडाडून भांडले. तो तुकडा कुणाच्या तरी तोंडी लागायला हवा, कावळ्याच्या, खारीच्या, कुत्र्याच्या. कचऱ्यात टाकायचा तर ओवाळता कशाला?

त्याच भांडणाच्या तिरीमिरीत मी कंपाउंडच्या मागं गेले. बांधकामाच्या वेळी जेसीबीनं उकरलेले दगड तिथं ढिगानं पडले होते. त्यात एक लांबट दगड होता, एका कोपऱ्याला खळगा पडलेला. मामा त्या खळग्यावर कोयता घासायचे. पडवीची पायरी. मी तिथंच बसले. मग माळ्याला बोलावून तो दगड दाराबाहेर नेऊन ठेवला आणि सगळ्यांना बजावलं, तुकडा ह्याच्यावर टाकायचा. कुणी विचारलं नाही हा दगड कुठला, आणि मीही सांगितलं नाही. त्याला सगळे तुकड्याचा दगड म्हणायला लागले.

आता माझ्या माहेराचं सांगते. आई लग्न होऊन पालेगावात आली, तिथंच मी जन्मले. माझं सासर अंबरनाथला, म्हणजे माहेर रिक्षाच्या अंतरावर. तरी प्रत्येक खेपेला आई मला दाराबाहेर थांबवायची. "उभी रहा गो बाय, तुकडा आनते." मी म्हणायचे, "आई, मी काय विलायतेहून आलेय? स्टेशनावरून रिक्षा केली." ती म्हणायची, "रिक्षातून आली म्हनून काय, नजर पायी येते का?" मला लाज वाटायची. शेजारचे बघायचे. मी घड्याळ बघत उभी राहायचे आणि ती सावकाश तीनदा ओवाळायची, पाणी टाकायची, मग म्हणायची, "ये आता."

पालेगावात शेतांच्या जागी टॉवर आले. आमचंही घर गेलं आणि भावानं बदलापूरला कात्रपमध्ये फ्लॅट घेतला. छान फ्लॅट आहे, हवेशीर, भाऊ-भावजय आईला जपतात, उगाच खोटं कशाला बोलू. पण तिथं मी पहिल्यांदा गेले, बेल वाजवली, दार उघडलं आणि सवयीनं बाहेरच थांबले. आई म्हणाली, "ये की आत, उभी कशाला?"

मी म्हटलं, "तुकडा?"

ती हसली. "वरून तुकडा टाकायचा कुठं? खालच्याच्या गाडीवर?"

मीही हसले आणि आत गेले. त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही. पण प्रत्येक वेळी त्या दाराशी माझा पाय क्षणभर अडायचा. जे नको नको म्हणत आयुष्यभर घेतलं, ते आता कुणी देईना. आणि मी रोज परक्या माणसांना ते देत होते, पगार घेऊन. पाहुण्यावरून तुकडा ओवाळताना कधी कधी मला त्या पाहुण्याचा हेवा वाटायचा. हे मी कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

आईला मी हॉटेलचं सगळं सांगायचे. ती ऐकत नसल्यासारखं दाखवून भाजी निवडत राहायची आणि मध्येच एक प्रश्न टाकायची.

"विहीर हाय?"

"आहे. वर जाळी बसवलीय."

"पानी?"

"आहे ना. मार्चातसुद्धा असतं."

मग ती परत भाजीकडे वळली. पुढच्या खेपेला, "न्हानीमागं अलू हाय का गो अजून?" मी म्हटलं, आहे, मी लावलंय. ती म्हणाली, "खाजरा नाय ना?" आणि टीव्हीचा आवाज मोठा केला. मी म्हणायचे, आई, एकदा चल, बघून ये. ती मान हलवायची. "इकलं ते इकलं. इकल्या उंबऱ्यावर कोन पाय ठेवतो?"

असं कितीतरी दिवस चाललं. मलाही घाई नव्हती. हॉटेल कुठं जातंय, आई कुठं जातेय, असं वाटायचं.

मग एक दिवस शेठनी सगळ्यांना लॉबीत बोलावलं. दोन्ही मुलं परदेशात, त्यांना इथलं काही नको होतं, आणि शेठची तब्येत आता पूर्वीसारखी साथ देत नव्हती. हॉटेल एका मोठ्या कंपनीकडे जाणार होतं. कंपनीची माणसं येऊन पाहून गेली. सभ्य होती, सगळ्यांच्या नोकऱ्या राहतील म्हणाली. फक्त त्यांची पद्धत सगळ्या शहरांत एकसारखी असते. आल्याबरोबर गार टॉवेल आणि सरबत. दारासमोर कारंजं. पुढच्या महिन्यापासून तुकडा बंद.

त्या संध्याकाळी मी तडक कात्रपला गेले. आईला म्हटलं, आता नाही आलीस तर कधीच नाही. तुझ्या माहेराच्या दारात तुझ्यावरून तुकडा ओवाळायला आता फक्त मी आहे, आणि मीही महिनाभरच.

तिनं टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "माहेराला लेक आपल्या पायानं जात नाय गो. मुऱ्हाळी यावा लागतो."

सणावाराला लेकीला सासरहून आणायला माहेरचा जो माणूस जातो, बहुतेक भाऊच, तो मुऱ्हाळी. आईचे भाऊ केव्हाच गेले. त्यांची मुलं कुठं कुठं पांगली.

"मी आलेय ना न्यायला!" मी चिडून म्हटलं.

"तू लेक. लेक कधी मुऱ्हाळी व्हते का?"

"मग आता मुऱ्हाळी कुठून आणू? बाजारात मिळतो का?"

"म्हनूनच सांगते, राहू दे," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

मला इतका राग आला की मी चहा न घेताच निघाले. रिक्षात बसल्यावर कळलं, राग नव्हता तो. इतक्या वर्षांत आई पहिल्यांदा 'जायचं नाही' म्हणाली नव्हती. 'न्यायला कुणी नाही' म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी कामात लक्ष लागेना. शेठनी ते पाहिलं. "क्या हुआ ताई? नोकरी का टेन्शन मत लो." मग मी त्यांना सगळं सांगितलं. ही जागा, तो दगड, आई. ते खुर्चीतच सरसावून बसले. "इतने साल आपने बताया नहीं? आपकी माँ का मायका, और मैं उधर कुर्सी डाल के बैठा हूँ?" मी म्हटलं, शेठ, तुम्ही रीतसर घेतलंय, त्यात काय सांगायचं. मग मुऱ्हाळी म्हणजे काय ते समजावलं.

मोबाइल वाजला, तो त्यांनी उलटा ठेवला. हे मी त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच पाहिलं. मग म्हणाले, "हमारी अम्मा का मायका उधर रह गया, सिंध में. कॅम्पच्या बराकीत आली ती कायमची आली. आखिर तक बोलती थी, कोई लेने आएगा, तो जाऊँगी. कौन आता ताई? कैसे आता?"

मी पाण्याचं भांडं त्यांच्यापुढं सरकवलं.

"कल सुबह चलते हैं," ते म्हणाले. "क्या लेके जाते हैं?"

"काही नाही शेठ. नुसता माणूस लागतो."

तरी सकाळी त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर पापडांचा ढीग आणि मिठाईचा खोका होता. वाटेत त्यांनी माझ्याकडून मराठी वाक्य पाठ करून घेतलं. कात्रप येईपर्यंत ते ओठांतल्या ओठांत घोकत होते. लिफ्टमध्येसुद्धा.

आईनं दार उघडलं. हा कोण सफारीवाला म्हणून बघत राहिली. मी म्हटलं, हे आमचे शेठ. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, त्यांना बसवलं आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. शेठ पाणी प्यायले, भांडं खाली ठेवलं, हात जोडून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ताई, मी तुमच्या माहेराहून आलो. मी तुमचा मुरळी!"

मुरळी! खंडोबाची मुरळी, हातातली घंटी घोळवत नाचणारी! सफारीतली, सत्तरीची, टकलावर घाम आलेली मुरळी. भावजय तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. मी कपाळाला हात लावला. आणि आई हसायला लागली. इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मग ते पाणी थांबेना, आणि ती हसतेय का रडतेय ते आम्हाला कुणालाच कळेना. शेठ बिचारे घाबरून माझ्याकडे बघायला लागले.

"मुरळी नाय, भाऊ," आई डोळे पुसत म्हणाली. "मुऱ्हाळी."

तिनं त्यांना भाऊ म्हटलं होतं. मग ती आत गेली आणि बाहेर आली ती एक हिरवी साडी नेसून. आम्ही ती साडी कधी पाहिली नव्हती. घडीच्या रेषा तशाच दिसत होत्या. "ही कधी घेतलीस?" मी विचारलं. "सही केली तवाची," ती म्हणाली. "घडी मोडली नव्हती. माहेराची साडी माहेराला जाताना नेसतात."

रस्ताभर ती खिडकीतून बघत होती. हा कुणाचा मळा, तो कुणाचा, आणि आता तिथं काय उभं आहे, हे ती हळूहळू स्वतःशीच म्हणत होती. वळण आलं तेव्हा तिनं माझा हात धरला. शेठ पुढून मोठ्यानं म्हणाले, "ताई, चेक-इन वैसे बारह बजे का है, पण तुमच्यासाठी कधीपण!" त्यांना शांतता सोसत नाही.

मी गाडीतून आधी उतरून आत धावले. ताटलीत कालच्या भाकरीचा तुकडा, तांब्यात पाणी. निघालेल्या पाहुण्याला ओवाळणारी ती पोरगी आता पक्की तयार झाली होती, ती ताटली घ्यायला पुढं झाली. मी म्हटलं, आज मी.

आई दारासमोर आली आणि थांबली. माझ्याकडे नाही, दगडाकडे बघत होती. वाकून तिनं त्या कोपऱ्यातल्या खळग्यावरून बोट फिरवलं. "दादा कोयता घासायचा इथं," ती म्हणाली. "आय हितंच उभी करायची मला."

मी ओवाळलं. तीनदा झालं का चारदा कोण जाणे. पाणी टाकलं, तुकडा दगडावर टाकला आणि म्हटलं, "ये आता."

ती आली नाही. तिनं माझ्या हातातली ताटली घेतली. ताटलीत भाकरीची कड उरली होती, ती मोडली आणि म्हणाली, "आता तू बाहेर हो."

"मी कशाला? मी तर रोज इथंच असते."

"हो बाहेर. कात्रपला आल्यापासनं तुझा राह्यलाय."

म्हणजे तिला ठाऊक होतं. मी दाराशी अडते, ते तिनं प्रत्येक वेळी पाहिलं होतं. मी बाहेर जाऊन उभी राहिले, ती माझ्या जागी उंबऱ्यात आली. पन्नाशीची बाई, अंगावर हॉटेलचा युनिफॉर्म, छातीवर नावाची पट्टी, आणि समोर लॉबीतले पाहुणे चहाचे कप हातात घेऊन बघतायत. मला अजिबात लाज वाटली नाही. या खेपेला मी घड्याळही बघितलं नाही. तिनं सावकाश ओवाळलं, पूर्वीसारखंच, आणि म्हणाली, "ये."

ती एक रात्र राहिली. जेवताना अळवाचं फदफदं पाहून तिनं आचाऱ्याला बोलावून घेतलं आणि चिंच कमी पडलीय म्हणून सुनावलं. सकाळी विहिरीपाशी जाऊन जाळीतून आत वाकून बघत बसली. निघताना शेठ आणि हॉटेलात काम करणारी सगळी मुलं दारात उभी होती, गाडी वळणाआड जाईपर्यंत.

पुढच्या महिन्यात कंपनी आली. मी राहिले नाही. गार टॉवेल देण्यात वाईट काही नाही, पण ते कुणालाही जमेल. कारंज्यासाठी जागा मोकळी करायची होती, म्हणून शेठनी जायच्या आधी तो दगड टेम्पोत घालून कात्रपला पाठवला. सोसायटीच्या सेक्रेटरीनं आधी कुरकुर केली. आईनं त्याला बसवून पापड-पाणी दिलं. दगड आता गेटबाहेर बदामाच्या झाडाखाली आहे.

शेठ मुलाकडे परदेशी असतात. कधी कधी आईला फोन करतात आणि म्हणतात, "मुरळी बोलतोय." तिकडे करमत नाही म्हणतात. आई म्हणते, "या की भाऊ, तुकडा काढून ठेवते."

मी जाते तेव्हा स्टेशनावरून रिक्षा केली की आईला फोन करते. ती कालच्या भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन लिफ्टनं खाली उतरते. गुडघे आता दुखतात तिचे. लिफ्ट बंद असली तर जिना उतरू नकोस असं मी दर वेळी बजावते आणि ती दर वेळी बरं म्हणते. वॉचमनला आता सवय झालीय, तो तिला खुर्ची देतो. कात्रपच्या वळणावर रिक्षा वळली की मी आधी गेटकडे बघते. अजून तरी ती तिथं असते.